आरंभाचा मुहूर्त आणि समाप्तीचा हिशेब

कार्यारंभापूर्वी मुहूर्त पाहण्याची आपल्या समाजाची रीत फार जुनी आहे. भूमिपूजनाची घटका पंचांगात सापडते. परंतु ते कार्य तडीस केव्हा जाईल हे सांगणारा मुहूर्त कोणत्याही पंचांगात दिलेला नसतो. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या पूर्वजांनी रूढ केली, त्यांना हे चांगलेच ठाऊक होते. घराचा आराखडा ठरलेला असतो, पण ते उभे केव्हा राहील याचा नेम नसतो. लग्नाची तिथी ठरलेली असते, पण पंगतीला पाने किती पडतील याचा नेम नसतो. एकाच म्हणीत दोन निरनिराळ्या जातींच्या अनिश्चितता सांगितल्या आहेत, ही गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

आपल्या नाशिकच्या परिसरात या दोन्ही जातींची, आणि यांखेरीज आणखी एका जातीची, मोठमोठी कार्ये गेल्या पावणेतीनशे वर्षांत घडून आली. त्यांपैकी तिहींचा वृत्तान्त येथे थोडक्यात सांगावा, असा आमचा मानस आहे. पहिले, त्र्यंबकेश्वराचे मंदिर. दुसरे, थळ घाटातील लोहमार्ग. आणि तिसरे, दर बारा वर्षांनी येणारी सिंहस्थ पर्वणी. ही कार्ये कोणी केली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. आम्ही एक निराळाच प्रश्न विचारणार आहोत. प्रत्येक कार्यात जे अगोदर कळणे शक्य नव्हते, त्याचा भार अखेर कोणाच्या शिरावर पडला?

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या जिज्ञासेचा नाही. आपल्या ज्ञातिसंस्थेने विद्यार्थी वसतिगृहावर नवा मजला चढविण्याचा संकल्प केला आहे. त्या संकल्पाशी या प्रश्नाचा संबंध कसा पोहोचतो, ते लेखाच्या अखेरीस सांगू.

त्र्यंबकेश्वराचे मंदिर

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उभे असलेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणातील मंदिर बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनी बांधावयास घेतले. कामास १७५५ साली प्रारंभ झाला आणि ते पुरे झाले १७८६ साली. म्हणजे एकतीस वर्षे लागली. खर्च सोळा लक्ष रुपये आला, असे सांगतात.

या एकतीस वर्षांत मराठी राज्यावर काय काय प्रसंग कोसळले, याची नुसती उजळणी केली तरी मन स्तिमित होते. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले आणि त्याच वर्षी नानासाहेब निवर्तले. १७७२ साली थोरले माधवराव गेले. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला. १७७५ पासून १७८२ पर्यंत इंग्रजांशी युद्ध चालले. संकल्प करणाऱ्या पुरुषाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी त्याचा संकल्प सिद्धीस गेला. जगात अशी उदाहरणे थोडी नाहीत, परंतु आपल्या उंबरठ्याशी असलेले हे उदाहरण विशेष बोलके आहे.

इतक्या वावटळींतून हे कार्य टिकले, त्याचे एक कारण त्याच्या स्वरूपातच होते. दगडी मंदिराचे काम थरावर थर चढवीत जाते. पैसा खुंटला, स्वारी आली, धनी गेला, तर काम त्या थराशी थांबते. घडवून बसविलेला पाषाण एखाद्या पावसाळ्याने वाहून जात नाही. पुन्हा हात लावावयाचा तो वरच्या थरापासून. दुसरे कारण असे की, अमुक वर्षी कळस चढलाच पाहिजे, असे बंधन या कामावर नव्हते. म्हणून जी संकटे आली ती मुदतीने पोटात घेतली. येथे अनिश्चिततेचा भार वाहिला तो काळाने.

तथापि काळही काही फुकट मिळत नाही. १७५५ साली ज्या पाथरवटांनी छिन्नी हाती धरली, त्यांतील कितीजणांना १७८६ साली कळसाचे दर्शन घडले असेल? देवालयासारख्या कार्याला पिढ्यान्‌पिढ्यांची मुदत शोभते. आगगाडीला, धरणाला किंवा मुलांच्या वसतिगृहाला ती परवडत नाही. त्र्यंबकेश्वरानंतर शंभर वर्षांच्या आतच नाशिकच्या दाराशी असे एक कार्य आले की, ज्याच्या मागे व्यापाराची व भांडवलाची घाई लागलेली होती.

थळ घाटातील लोहमार्ग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते अंतर एकवीस मैलांचे व बहुतेक सपाटीचे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीपुढील खरे संकट पुढेच होते. सह्याद्री ओलांडल्यावाचून देशावरचा कापूस मुंबई बंदरास पोहोचणार नव्हता, आणि असे डोंगर चढून जाणारा लोहमार्ग या देशात तोपर्यंत कोणीही बांधलेला नव्हता.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी या कामी प्रथम जे केले, ते आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे होय. त्यांनी काम सुरू करण्याची घाई केली नाही. प्रारंभी माळशेज घाटातून मार्ग नेण्याचा विचार होता. प्रत्यक्ष पाहणी केल्यावर बर्कले यांनी तो सोडून दिला, आणि नाशिककडे थळ घाटाने व पुण्याकडे बोरघाटाने असे दोन वेगळे मार्ग सुचविले. कडे, ओढे, दऱ्या यांची मोजणी करण्यात वर्षे गेली. पाहणीत गेलेला वेळ वाया गेला, असे उतावळ्या माणसास वाटते. परंतु कागदावरची रेघ पुसावयास खोडरबर पुरते आणि डोंगरातला बोगदा पुसावयास काहीच पुरत नाही. जे न कळणारे आहे त्याचा जो अंश थोड्या खर्चात कळून घेता येतो, तो आधी कळून घ्यावा, हा त्यातील बोध.

थळ घाटाचे काम १८५७ साली सुरू झाले आणि १ जानेवारी १८६५ रोजी तो मार्ग खुला झाला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत लांबी सव्वानऊ मैलांची. तेवढ्यात ९७२ फूट चढावयाचे. चढ कोठे कोठे दर ३७ फुटांस १ फूट असा उभा. तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल. त्यांतील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे १९० फूट उंचीचा. एके ठिकाणी तर डोंगराने वळणास जागाच दिली नाही. तेव्हा गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने वर न्यावी, अशी योजना करावी लागली. पुढे विसाव्या शतकात मार्गाची आखणी बदलून ही अडचण दूर करण्यात आली.

आता या कामातील अनिश्चितता पाहा. पुलांची संख्या, बोगद्यांची लांबी, चढाची उंची, हे सारे आराखड्यात ठरलेले होते. ठरलेला नव्हता तो फक्त वेळ. इगतपुरीस वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात पंचवीस-तीस इंचांत आपली दैना होते, यावरून त्या घाटातील आषाढ-श्रावणाची कल्पना करावी. जून लागला की काम जवळजवळ थांबे, ते दसऱ्याच्या सुमारास पुन्हा हालू लागे. वर्षाचे महिने बारा, पण कामाचे आठ. त्या आठांतही उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष, आणि पाण्यामागून येणारी पटकी व ताप. काळ्या फत्तरात सुरुंग किती हात पुढे सरकेल, हे फत्तर फोडल्याखेरीज कळत नसे. कड्यावर पाऊल ठेवण्यास जागा नसे, तेथे मजुरांस दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घ्यावी लागत.

अशा कामात कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. अवघड तुकडा पुरा होण्याची वाट पाहत बाकीचे काम तिने अडवून ठेवले नाही. घाटाखाली कसाऱ्यापर्यंतचा आणि घाटावर इगतपुरीपासून नाशिकपर्यंतचा मार्ग १८६१ सालीच खुला झाला. त्याच वर्षी वरचा मार्ग चाळीसगावापर्यंत जाऊन पोहोचला. मधला घाट मात्र त्यानंतर चार वर्षे बैलगाडीच्या वाटेने चढावा व उतरावा लागे. म्हणजे नाशिकास आगगाडी आली, तेव्हा ती मुंबईस जोडलेलीच नव्हती! वरवर हे हास्यास्पद दिसते. वस्तुतः जे सिद्ध झाले त्याचा उपयोग लोकांस तत्काळ मिळावा, आणि एका तुकड्याच्या विलंबाने सर्वांचा विलंब होऊ नये, हीच त्यातली दृष्टी होती. पुण्याकडेही हेच घडले. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली खुला झाला. बोरघाट पुरा होण्यास १८६३ साल उजाडले.

येथवर हा इतिहास कौतुकाचा आहे. परंतु त्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून तो पुरा होत नाही, आणि ती बोरघाटाच्या हकिकतीत स्पष्ट दिसते. तेथील कंत्राट प्रथम विल्यम फॅव्हिएल यांजकडे होते. काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. १८५९ च्या प्रारंभी मजुरांच्या वेतनावरून दंगा झाला, आणि लवकरच त्या कंत्राटदाराने काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आले, ते काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट न सोडता अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. १८६१ च्या जानेवारीत त्या घाटात सुमारे बेचाळीस हजार माणसे राबत होती. स्वतः बर्कले १८६२ साली इंग्लंडात निवर्तले. दोहोंपैकी एकही घाट खुला झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाही.

पावसाने काम थांबले की कंत्राटदाराचा नफा घटे. तो घाटा तो पोटकंत्राटदाराच्या माथी मारी, आणि पोटकंत्राटदार मजुरांच्या मजुरीत तो भरून काढी. मजुराच्या खाली ढकलण्यास कोणी नव्हते. रोग आला तो प्रथम त्याच्या झोपडीत. घाई झाली ती त्याच्या दोरावर. पुन्हा घाईचे व सदोष बांधकामाचे ऋण पुढे व्याजासह फेडावे लागले, ते निराळेच. बोरघाटातील एक मोठा दगडी पूल खुला झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १८६७ च्या पावसाळ्यात, ढासळला.

थळ घाटातून जाताना कसाऱ्यास गाडी थांबते, तेव्हा अनेक गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी आणखी इंजिने जोडतात. हे आपण लहानपणापासून पाहत आलो. डोंगराचा चढ अधिक आहे, तर त्यासाठी अधिक बळ उघडपणे लावले पाहिजे, हे रेल्वेने मान्य केलेले आहे. मार्ग बांधताना मात्र ते अधिकचे बळ कोणाच्या पाठीवरून आले, ते वर सांगितलेच.

सिंहस्थ पर्वणी

घाट हे घर बांधण्यासारखे कार्य होते: काय करावयाचे ते ठाऊक, केव्हा होईल ते अज्ञात. सिंहस्थ हे लग्नासारखे कार्य आहे: केव्हा ते ठाऊक, किती ते अज्ञात.

गुरू सिंह राशीस आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. गुरूची सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची असल्यामुळे हे अंतर बहुधा बारा वर्षांचे, क्वचित अकरांचे पडते. १९५६, १९६८, १९८०, त्यानंतर १९९१, मग २००३ आणि २०१५, अशी अलीकडची सालमालिका आहे. २०२७ सालच्या पर्वणीच्या तिथी कित्येक वर्षे आधी पंचांगकर्त्यास सांगता आल्या. नाशिकची मुख्य स्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर या दिवशी येतात, असे जाहीर झाले. आकाशातील गुरू कोणत्याही समितीस एक दिवसाचीही मुदतवाढ देत नाही. रस्ता अर्धा झाला असो वा पुरा, घाटाच्या पायऱ्या बसल्या असोत वा नसोत, त्या दिवशी पहाटे यात्रेकरू रामकुंडावर येणारच.

नाशिकची अडचण आणखी एका कारणाने बिकट आहे. प्रयागचा मेळा माघात, नदी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या विस्तीर्ण वाळवंटात भरतो. आपला मेळा भरतो तो श्रावण-भाद्रपदात, ऐन पावसाळ्यात, आणि गावाच्या जुन्या वस्तीच्या गाभ्यात. गोदावरीस पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले की कमरेपर्यंत, यावरून नाशिककर पुराचे माप घेतात. नारोशंकराच्या मंदिराची घंटाही याच कामी येते. हीच ती जागा की जेथे लक्षावधी लोक एका दिवशी उतरावयाचे.

पूर येईल की नाही, हे सांगता येत नाही. इतकेच नव्हे, तर पाणी पुरेल की नाही, हेही सांगता येत नाही. २०१५ साली पर्वण्या झाल्या तेव्हा महाराष्ट्रात अवर्षण होते, आणि स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडणे हा वादाचा विषय झाला. त्यानंतर वर्ष लोटण्यापूर्वीच, १९१६ नव्हे तर आपल्या डोळ्यांदेखत २०१६ च्या ऑगस्टात, त्याच रामकुंडाभोवती महापूर आला. एकच सिंहस्थ दहा-अकरा महिने इकडेतिकडे झाला असता, तर टंचाईच्या जागी पुराची तयारी करावी लागली असती. म्हणून सिंहस्थाची योजना करणाऱ्यास दोन्ही तयाऱ्या ठेवाव्या लागतात, आणि त्यांपैकी एक तरी न वापरता गुंडाळून ठेवावी लागते. न वापरलेली तयारी म्हणजे उधळपट्टी, असे म्हणणारे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांनी २००३ साल आठवावे.

२७ ऑगस्ट २००३, पर्वणीचा दिवस. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उतरत्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्युमुखी पडले. रस्त्याची रुंदी ठाऊक होती, उतार ठाऊक होता, तिथी ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते इतकेच, की त्या घटकेस त्या गल्लीत किती माणसे शिरतील, आणि कशामुळे एकाएकी पुढे रेटा येईल. घाटात जो भार मजुरावर पडला, तो येथे यात्रेकरूवर पडला. घरून स्नानासाठी निघालेल्या ३९ जणांनी तो आपल्या प्राणांनी वाहिला.

बारा वर्षांनी, २०१५ साली, प्रशासनाने ती आठवण ठेवली होती. पहिल्या पर्वणीस वाहनांवर व वाटांवर इतके कडक निर्बंध घातले गेले की, भाविकांस मैलोगणती चालावे लागले, आणि गर्दी अपेक्षेहून पुष्कळ कमी झाली. टीका झाली. परंतु पुढील पर्वणीपूर्वी ते निर्बंध सैल करण्यात आले, आणि २००३ सारखा अनर्थ टळला. आम्हांस यात दोष कमी आणि शहाणपण अधिक दिसते. सिंहस्थाचे स्नान एकच नसते, ती तीन असतात. पहिले पार पडल्यावर जे कळले, ते दुसऱ्याच्या योजनेत घालता येते. शिवाय चूक करावयाचीच तर ती ज्या बाजूस केली असता लोकांचे पाय दुखतात त्या बाजूस करावी; ज्या बाजूस जीव जातो त्या बाजूस करू नये.

अंदाजाचे शास्त्र

अनिश्चित कार्याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यास सुसंगत रीतीने मांडले गेले. अमेरिकेच्या आरमाराने पोलॅरिस अस्त्राच्या निर्मितीसाठी १९५८ साली 'पर्ट' नावाची पद्धत बसविली. तिचे मर्म घरगुती उदाहरणाने सांगता येईल.

समजा, पाया भरावयाचा आहे. मिस्त्रीस विचारले तर तो एक आकडा सांगतो: महिनाभर. या पद्धतीत त्यास तीन आकडे विचारतात. सर्व काही सुरळीत झाले तर किती दिवस? तो म्हणेल, वीस. बहुधा किती? तीस. आणि खाली झरा लागला, वाळू आली नाही, अवकाळी पाऊस झाला, तर? सत्तर. मग मधल्या आकड्यास चौपट वजन देऊन तिहींची बेरीज करावयाची आणि तिला सहांनी भागावयाचे. वीस, अधिक एकशेवीस, अधिक सत्तर, म्हणजे दोनशे दहा. भागिले सहा, म्हणजे पस्तीस. उत्तर तीस येत नाही, पस्तीस येते. कारण उघड आहे. लवकर संपण्यास मर्यादा असते, उशिरास ती नसते. वीस दिवसांचा पाया कोणी उणे दहा दिवसांत भरीत नाही, पण सत्तर दिवस सहज लागतात. एकाच आकड्यावर विसंबणारा माणूस हा कल विसरतो आणि प्रत्येक वेळी उशीर झाला की नशिबास बोल लावतो.

डॅनिएल काहनेमन व एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याच मानवी स्वभावाचे विवेचन केले. आपल्या कार्याचा अंदाज करताना मनुष्य आपलाच आराखडा पाहतो. तशाच प्रकारच्या दुसऱ्यांच्या कार्यांस प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे पाहत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संगीतनाट्यगृह १९६३ साली सुमारे सत्तर लक्ष डॉलरांत पुरे होईल, असा मूळ अंदाज होता. ते खुले झाले १९७३ साली, आणि खर्च झाला दहा कोटी वीस लक्ष. तेथील लोक काही अडाणी नव्हते. त्यांनीही एकच आकडा धरला होता.

तिसरा विचार एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ साली मांडला. प्रत्येक कारागीर आपापल्या कामात थोडे दिवस हातचे राखून सांगतो, आणि ते राखलेले दिवस प्रत्येक कामात आळसाने किंवा दिरंगाईने खर्चूनही जातात. त्याऐवजी सर्वांचे हातचे दिवस एकत्र करून ते अखेरीस, सर्वांस दिसतील असे, एकाच ठिकाणी ठेवावे; ज्यास खरीच अडचण येईल त्याने त्यातून घ्यावे. एकत्र कुटुंबात धान्याची कणगी एक असते, प्रत्येक सुनेच्या फडताळात निराळे मडके नसते. त्यातलाच हा प्रकार.

आपल्यापुढील कार्य

आता आपल्या घरी येऊ. वसतिगृहाचा मागील विस्तार झाला तेव्हा बांधकाम समितीत आम्हीही होतो, म्हणून जे सांगावयाचे ते स्वतःस वगळून सांगत नाही. मे अखेर खोल्या ताब्यात मिळतील, असा एक आकडा आम्ही सर्वांनी मान्य केला, आणि त्या भरवशावर खेड्यांतील मुलांस प्रवेशाची पत्रेही पाठविली. जून आला, पाऊस आला, आणि छत पुरे झालेले नव्हते. समितीच्या सभासदांस त्याचा काय त्रास झाला? दोन सभा अधिक भरल्या, एवढाच. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूंनी ट्रंका घेऊन आलेल्या मुलांनी मात्र पहिले सत्र कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या दुकानाच्या माळ्यावर काढले. एका मुलाने त्या वर्षी शिक्षण सोडले. तो पुन्हा आला नाही. अहवालात आम्ही 'अपरिहार्य कारणांमुळे विलंब' असे लिहिले. कारण अपरिहार्य असेल. पण त्याचा भार त्या मुलावर पडावा, हे अपरिहार्य नव्हते.

म्हणून नव्या मजल्याच्या संकल्पासंबंधी ज्ञातिबंधुभगिनींपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली, बर्कले यांच्याप्रमाणे आधी पाहणी करावी. जुन्या भिंती व पाया नवा भार सोसतील किंवा कसे, हे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि मगच वर्गणीचे पुस्तक छापावे. दुसरी, घाटाच्या दोन टोकांप्रमाणे काम अशा तुकड्यांत वाटावे की, चार खोल्या पुऱ्या झाल्या तर चार खोल्यांत मुले राहू शकतील; जिना आणि नळ अखेरीस ठेवून सर्वच मजला निरुपयोगी करू नये. तिसरी, प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यावेत, गावातील अशाच इमारतींस प्रत्यक्ष किती काळ लागला तेही विचारावे, आणि राखीव दिवस व राखीव निधी हिशेबात उघडपणे, निराळ्या सदराखाली दाखवावा. तो पाहून कोणी नाक मुरडू नये.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. शाळा-महाविद्यालये जूनमध्ये उघडतात. ती सिंहस्थाच्या तिथीसारखी अचल आहेत. छत घालून पुरे झाल्याखेरीज नव्या खोल्यांसाठी एकाही मुलास प्रवेशाचे पत्र पाठवू नये. मजला एक वर्ष रिकामा राहिला तर संस्थेचे भाड्याचे नुकसान होईल. ते संस्थेने सोसावे. संस्थेच्या पाठीशी शेकडो कुटुंबे आहेत. त्या मुलाच्या पाठीशी एक ट्रंक होती.

त्र्यंबकेश्वरी काळाने भार वाहिला, घाटात मजुराने, रामकुंडाच्या वाटेवर यात्रेकरूने. जे कळत नाही त्याचे ओझे कधीच नाहीसे होत नाही. योजना करणाराने ते आपण होऊन उचलले नाही, तर ते घरंगळत जाऊन सर्वांत खाली जो उभा असेल त्याच्यावर पडते. भूमिपूजनाचा मुहूर्त आपले गुरुजी काढून देतीलच. समाप्तीचा हिशेब मात्र आपण सर्वांनी मिळून, आणि खरा, मांडावयाचा आहे.